मूक मसाज

सुहासिनीने अपर्णाताईंच्या टाळूवर कोमट तेल ओतलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. आता पाऊण तास एक शब्द काढायचा नाही. जन्मात पहिल्यांदाच!

शारजातल्या तिच्या लेडीज पार्लरमध्ये बारा वर्षं तेलापेक्षा गप्पाच जास्त जिरल्या होत्या. कुणाच्या मुलाला कुठल्या शाळेत ॲडमिशन मिळाली, सुट्टीला जाताना कुणाची बॅग विमानतळावर उघडावी लागली, सगळं आधी इथे कळायचं. पण दोन महिन्यांपूर्वी समोरच्या इमारतीत स्पा उघडला. मंद दिवे, गवती चहाचा वास, बासरीची सीडी आणि दारावर पाटी: 'शांतता राखा'. बायका तिकडे वळल्या आणि सुहासिनीवर माशा मारायची वेळ आली. राहिल्या होत्या त्या अपर्णाताई, इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाच्या सर्वेसर्वा. त्या जातील तिथे पंचवीसजणी जाणार. त्याच गेल्या, तर पार्लर खलास.

म्हणून सुहासिनीनेही दिवे मंद केले. बासरी लावली. गवती चहा उकळून कोपऱ्यात ठेवला. समोरच्यांसारखं सहा महिन्यांच्या पॅकेजचं कार्डसुद्धा छापून आरशाला लावलं. आता उरली होती फक्त शांतता, आणि तीच सगळ्यात महाग पडत होती.

"काय गं, आपल्या प्रमिलाच्या मुलाचं, अथर्वचं कळलं का?" अपर्णाताईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

सुहासिनीला कळलं होतं. अपर्णाताईंपेक्षा जास्त कळलं होतं. पण ती मूग गिळून टाळू चोळत राहिली.

"बरी आहेस ना?"

बासरी वाजत राहिली. अपर्णाताईंची मान सैल व्हायची ती हळूहळू ताठ होत गेली. सुहासिनीने ओळखलं. नाही आवडलं यांना. गेलं हेही गिऱ्हाईक.

तेवढ्यात अपर्णाताईंनी खुर्चीच गर्रकन वळवली. कानांवरून तेल ओघळत होतं आणि चेहरा रडवेला झाला होता.

"कळलंय ना तुला? कोणी सांगितलं, प्रमिलाने? अगं, एकदाच गेले होते समोर. दीडशे दिरहम, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये घालवले! आणि मी एकटीच नाही हं, ती स्वतःही होती, शेजारची हाफिजाही होती. पण असा अबोला नको गं धरूस!"

'अहो, अबोला कसला, ही आपली नवी सर्व्हिस आहे,' हे वाक्य सुहासिनीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

"बरं बाई, चुकलं माझं. हे सहा महिन्यांचं पॅकेज घेते. त्या दोघींनाही घ्यायला लावते. पण आता काहीतरी बोल!"

सुहासिनीने पदराने डोळे टिपले आणि अखेर तोंड उघडलं.

"वर्षाचंपण आहे."