हत्ती आणि मुंगीचा तोल

विज्ञान म्हटलं की चिमी रडकुंडीला यायची, म्हणून कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या बाबांनी तिच्यासाठी सीसॉचा खेळ तयार केला. स्क्रीनवरच्या फळीवर दोन्हीकडे प्राणी बसवायचे, तोल साधला की बाबांचाच आवाज यायचा, "शाब्बास, पिल्ला!" चिमी एकदाही चुकली नाही. त्याच तोऱ्यात आज तिनं वर्गात सगळ्यांआधी हात वर केला, पण बाईंच्या खऱ्या फळीवर वजनं ठेवताच फळी दाणकन आपटली. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. घरी येताच तिनं खेळात एकीकडे हत्ती बसवला, दुसरीकडे मुंगी. फळी डुलली आणि सरळ झाली. "शाब्बास, पिल्ला!" मागून बाबा ओशाळून म्हणाले, "अभ्यासात चुकलीस की रडायचीस गं. बघवेना, म्हणून चुकणंच काढून टाकलं." चिमीनं भिंतीवर त्यांनी हौसेनं लावलेल्या आपल्या चित्रांकडे पाहिलं. "आणि ही सुंदर आहेत म्हणता, तेही असंच?"