एक ते चार बंद

सुविधा वेबसाइट बनवायला शिकत होती. सरावासाठी तिनं महागड्या घड्याळांचं खोटं-खोटं ऑनलाइन दुकान थाटलं. पेडण्याच्या बाजारात किराणा दुकान चालवणाऱ्या बाबांना ते चोवीस तास उघडं असणं काही पटेना.

"बाय, दुपारचा एक ते चार बंद ठेव. मालकान जेवचा-निजचा कधी?"

बाबांचं मन राखायला तिनं तसं केलं आणि नंतर ते काढायला विसरली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिला शिकवणारे पणजीचे सर साइट तपासणार होते. साडेतीनला तिनं स्वतः उघडून पाहिली. घड्याळं गायब, नुसतं शटर! "बंद आहे. चारनंतर या." तिला रडूच कोसळलं.

साडेचारला सरांचा मेसेज आला.



"सॉरी गो सुविधा, जेवून जरा आडवा झालो तो आत्ता उठलो. आता बघतो."