दारी आला उंट

वरात थांबवून नवरदेवाचा मामा म्हणाला, "मास्तर, आता ते 'दारी आला उंट' होऊन जाऊ द्या."

बँडमास्तर गेनू वायदंड्यांना घाम फुटला. असं गाणं कधी झालंच नव्हतं. गेल्या महिन्यात चिप बनवणाऱ्या कंपनीच्या चुकीने त्याची खोटी आठवण गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात बसवलेल्या स्मृतीच्या चिपमध्ये शिरली होती. चिप न बसवलेले मास्तर तेवढे कोरडे राहिले. त्यांनी डोळे मिटून क्लॅरनेटमध्ये सुचेल ते फुंकलं.

मामा हुंदके देत गळ्यात पडला. "अगदी लहानपणी ऐकलेलं तस्संच, मास्तर."

म्हणजे कंपनीने गाण्याची माया भरली होती आणि चाल भरायची राहिली होती. तीस वर्षांत मास्तरांना कुणी बेसूर म्हटलं नाही अशी ही पहिलीच वरात. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि निवांतपणे दुसरं कडवं घेतलं.