लामीनला सांगायचं नाही

"फायनल होईस्तोवर त्याला कायबी कळू द्यायचं न्हाई, मॅडम," व्यंकटराव म्हणाले. "रविवारी खेळ संपला की मग सांगा."

धम्मशीलाबाई स्टेडियमच्या फाटकापाशी स्कूटीवर बसूनच ऐकत होत्या. मंगळवारची सकाळ होती आणि थंडी बोचत होती.

"कधी गेली त्याची आई?"

"काल. दफनबी उरकलं. त्याच्या तिकडच्या क्लबच्या मॅनेजरचा फोन आला मला. म्हणला, त्याला कधी सांगायचं ते तुमच्यावर." व्यंकटराव यजमान संघाचे मालक होते. त्यांनी मफलर सारखा केला. "आता जाऊन तरी काय दिसणार हाय त्याला? कालच्याला एकट्यानं बत्तीस पॉइंट केले. पोरं त्याच्या जिवावर खेळायलेत."

"हे बरोबर नाही, व्यंकटराव."

"बरोबर न्हाईच. पण सांगू नका."

परभणीत बास्केटबॉलची अशी स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती. आठ व्यावसायिक संघ आणि प्रत्येक संघात एक परदेशी पाहुणा खेळाडू. यजमान संघाचा पाहुणा आफ्रिकेतल्या गांबियाचा लामीन. हॉटेलातल्या पलंगावर त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबायला लागले, तेव्हा व्यंकटरावांना धम्मशीलाबाई आठवल्या. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, वरची खोली रिकामी. बाईंनी पलंगाच्या पायथ्याशी बाकडं लावून वर गादी वाढवून दिली होती. त्याला दहा दिवस झाले होते.

स्कूटी घराकडे वळवताना त्यांना पालम आठवलं. आई पालमला वारली तेव्हा त्या जिंतूरकडं इलेक्शन ड्यूटीवर होत्या. निरोप सकाळीच आला होता. तिथल्या साहेबांनी तो मतदानाची मशिनं जमा होईपर्यंत दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या पोचल्या, तेव्हा राखसुद्धा निवली होती. त्या साहेबाला त्यांनी बावीस वर्षं माफ केलं नव्हतं.

लामीन ओट्यावर बसून बुटांना नाड्या ओवत होता. शेजारच्या दगडाबाई कुंपणापलीकडून त्याला निरखत होत्या.

"बाई, तुमचं पाव्हणं आज चहाबी पिलं न्हाई वो," त्या म्हणाल्या. "बरं हाय ना त्याला?"

"थंडी बाधली असेल," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

दुपारी सरावाला जायच्या आधी लामीन ऑटो करून मशिदीत गेला. मंगळवारीच कसा काय, असं बाईंना वाटलं. मग बुधवारचा सेमीफायनल आठवला. दुवा मागायला गेला असेल पोरगा.

एरवी रोज सात वाजता तो गच्चीवर जाऊन आईला फोन लावायचा. त्याचं हसणं खाली स्वयंपाकघरापर्यंत यायचं. बाप लहानपणीच गेलेला, भावंडं नाहीत. घरी आम्ही दोघंच, असं त्यानं आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मात्र तो वर गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून.

सवयीनं बाई इंग्रजीत विचारून गेल्या, "आईशी बोललास?" आणि त्यांनी जीभ चावली.

"नाही. ती भाताच्या कापणीला गेलीय," तो म्हणाला. "शेतात फोन लागत नाही."

बाईंनी पाठ वळवली. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही.

बुधवारी संघ जिंकला. गुरुवारी त्या दोनदा त्याच्या खोलीपर्यंत जिना चढल्या आणि दोनदा उतरल्या. शुक्रवारी त्यानं विचारलं, फायनलनंतर अजून आठवडाभर इथं राहिलो तर चालेल का? परभणी बघायची राहिली आहे. बाई हो म्हणाल्या आणि आत जाऊन नळ सोडून रडल्या. व्यंकटरावांसाठी आपण गप्प नाही, हे आता त्यांना कळून चुकलं होतं. सांगितलं की तो बॅग भरणार. मग पुन्हा एक ताट, आणि टीव्ही चालू ठेवून जेवण. त्या साहेबाला निदान मशिनं जमा करायची होती. आपल्याला काय हवं होतं?

रविवारी शेवटच्या मिनिटाला लामीननं दोघांच्या डोक्यावरून चेंडू रिंगमध्ये टाकला आणि स्टेडियम उठून उभं राहिलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. व्यंकटराव रडत होते, हसत होते. लामीन खांद्यावरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत सरळ बाईंकडे आला.

"घरी जाऊ या," तो म्हणाला.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं. उभं राहून बोलायचं तर त्याच्या चेहऱ्यापर्यंत त्यांची नजर पोचत नव्हती.

"लामीन, तुझी आई गेली. सोमवारी. मला मंगळवारपासून माहीत आहे. मी सांगितलं नाही. मला माफ करू नकोस."

तो हातावरचा गुलाल पुसत राहिला. रडला नाही. बाईंना वाटलं, त्याला समजलं नसावं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यानं हळूच त्यांचा हात धरला.

"सोमवारी दुपारीच मला फोन आला होता, मॅडम. सामन्याच्या आधी," तो म्हणाला. "तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही मला घरी पाठवलं असतं. आणि घरी आता कुणीच नाही."