वायसर

"म्हातारबाईंनी पुन्हा पिळला वाटतं नळ?" पान्ह्यांची पिशवी खाली ठेवत प्लंबर हसला. "गावच्या सार्वजनिक नळावर वाढलेली माणसं ही. एक थेंब गळला तरी अख्खी आळी शिव्या घालायची!"

"आई मे महिन्यात गेली, रा थापेलो," सेतुन्या त्याच्या नावाआधी आदराचा 'रा' लावून म्हणाली.

त्याने टोपी काढली. मग बाथरूममधला गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ खोलला, आतला वायसर काढला आणि बराच वेळ बोटांत फिरवून पाहिला.

"पोरी, हे पिळण्याने झालेलं नाही. पाइपातून वाळू येतेय. तिनेच रबर कुरतडलंय."

"आत्ताच यायला लागली असेल ना?"

"वायसर बसतो ती जागासुद्धा झिजली आहे. दोन-तीन वर्षांचं काम आहे हे."

"मग मागच्या वर्षी का नाही बोललात?"

"मी पिशवी उघडायच्या आधीच तू सांगितलंस, आई जोरात पिळते म्हणून. त्या तिथेच दाराशी उभ्या होत्या, नाही म्हणाल्या नाहीत. मी नवा वायसर टाकला आणि गेलो."

सेतुन्याने मान हलवली. त्या दिवशी तो गेल्यावर ती आईला म्हणाली होती, "यापुढे या नळाला हात लावायचा नाही." आईने शेवटपर्यंत लावला नाही. गाबोरोन शहरातल्या कडाक्याच्या हिवाळ्यात ती रोज सकाळी अंगणातल्या नळावर बादली भरायची, आणि सेतुन्याने विचारलं की म्हणायची, "मला हेच पाणी बरं वाटतं."