शेजारची सीट

डिशची वायर जोडायची राहिली होती, तरी टीव्ही लागला.

सोमनाथने आत्ताच, भर दुपारी, आडगावच्या ट्रक टर्मिनसवर बॅटरीला इन्व्हर्टर जोडून केबिनमध्ये टीव्ही बसवला होता. मागे वाशीला न्यायचे टोमॅटो भरलेले. व्यापाऱ्याचा फोन आला की "निघालोय शेठ, रस्त्यातच हाय," असं तो मांडी घालून सांगत होता.

पडद्यावर वाशीच्या वाटेवरचा कसारा घाट होता, ट्रकच्या केबिनमधून दिसतो तसा. काचेपुढे लिंबू-मिरची हलत होती. स्टेअरिंगवर एक माणूस, पाठमोरा. त्याच्या निळ्या शर्टाची पाठ पिवळ्या दोऱ्याने शिवलेली. सोमनाथने हात मागे नेऊन आपली पाठ चाचपली. निळा दोरा संपला म्हणून बायकोने, मंजुषाने, पिवळा वापरला होता.

त्या केबिनमध्येही टीव्ही होता. तो मात्र बंद होता.

शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर लाल चौकड्यांचा टॉवेल, एक टोक गिअरवर लोंबलेलं. पुढे वळण होतं. पडद्यावरचा माणूस ब्रेकवर उभाच राहिला होता, आणि ट्रक काही ऐकत नव्हता.

इथे तसाच लाल चौकड्यांचा टॉवेल घेऊन जोडीचा ड्रायव्हर जयरामतात्या मागच्या फळीवर झोपला होता. तोंडावर टॉवेल.

"तात्या, तुम्ही वाशीपर्यंत येणार ना?"

"मंग काय उडी मारू मधी?"

"कुठंच उतरायचं नाय. सीटवरून हलायचं नाय."

"लघवीला?"

सोमनाथने विचार केला. "नाय."

तेवढ्यात पडदा काळा झाला. सोमनाथने चावी फिरवली. ट्रक नुसता कण्हला.

"बॅटरी खाल्ली तुझ्या टीव्हीनं," तात्या टॉवेल गळ्यात टाकत पुढे आला. "दोन बॅटऱ्या जोडीनं वढतात, तू एकटीलाच जुंपली. शाळेत पण अशीच अर्धी कामं करायचा का रं?"

सोमनाथला मात्र हायसं वाटलं. टोमॅटो नासले तर नासू देत. पण बाजूचा ट्रकवाला फार भला माणूस निघाला. न सांगता वायरी घेऊन आला, आपल्या बॅटरीवरून करंट दिला, आणि ट्रक धडधडत सुरू झाला.

टीव्हीही सुरू झाला. होता तिथूनच.

इथे आता तात्या सोमनाथच्या शेजारच्या सीटवर बसला होता. त्याने घाम पुसला, टॉवेल मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तंबाखू घेऊन येतो," तो म्हणाला. जाताना पिशवी, डबा आणि अंथरूण घेऊन गेला.

टॉवेल तेवढा सीटवर राहिला.

सोमनाथने ब्रेक दाबून पाहिला. कडक होता, नीट लागत होता. "भाऊ, बंद करू नको, परत चालू होणार नाय," भला माणूस खालून ओरडला. फोन वाजत होता. सोमनाथ टीव्हीची वायर उपटून मोकळा झाला. मग टॉवेल उचलून खिडकीबाहेर भिरकावला. चित्रात टॉवेल होता, इथे नाही. म्हणजे तो ट्रक वेगळा, हा ट्रक वेगळा. त्याला एकदम भूक लागली. शीळ घालत त्याने गिअर टाकला.

द्वारका चौकापाशी नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या. डाव्या दारावर थाप पडली. खाली मोटरसायकलवर एक घामाघूम पोरगा, दमलेला, पण चेहऱ्यावर पुण्य लागल्याचा आनंद.

"दादा, आडगावपासून हाका मारतोय! टॉवेल पडला ना तुमचा!"

आणि त्याने तो उघड्या खिडकीतून आत फेकला. टॉवेल सीटवर पसरला. एक टोक घसरत घसरत आलं आणि गिअरवर लोंबू लागलं.