धडप्यांचं गाठोडं

दंडाला गर्भ पाडायची निळी पट्टी चिकटवून गोदाबाईची सून प्रणाली आरोग्य उपकेंद्रातून बाहेर आली. अंगावरून जास्त गेलंच, तर पट्टीच नर्सला कळवणार होती.

बाकावरच्या गोदाबाईच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यांचं गाठोडं होतं.

"हे कशाला आणलंत, आत्याबाई?" प्रणाली हसली. "चला, मिसळ खाऊ. भूक लागलीय."

गोदाबाईचा नुसता जळफळाट झाला. तिची थोरली बहीण शेवंता, सुईणीनं गर्भ पाडायला काडी घातल्यावर, असल्याच धडप्यांवर रक्त जाऊन जाऊन मेली होती. आणि या पोरीला भूक लागली होती!

"मेले, जरा तरी रड की!" गोदाबाई खेकसली, आणि गाठोड्यातला एक धडपा ओढून त्यात तोंड खुपसून स्वतःच हमसून हमसून रडली.